संध्याकाळचं दूध आणि २०१९

सांगलीत आमचं छोटं ऑफिस आहे. गावोगावच्या दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सभासदाचा कोड टाकला की काट्यावरून लिटर, मशीनवरून फॅट येतं, दर लागतो, पावती निघते.

त्या दिवशी पावणेपाचला तासगाव तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, दुपारी तुमच्या पोरानं नवीन टाकलं, आता उघडंनाच झालंय बघा. साडेपाचला माणसं किटल्या घेऊन उभारत्यात."

आमचा नवा मुलगा हुशार आहे. बिलात पशुखाद्याच्या कपातीचा रकाना वाढवायचं काम त्यानं चोख केलं होतं, पण व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये; प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरची ही आवृत्ती. प्रोजेक्ट डॉट नेट फ्रेमवर्क ४.० चं; आमचा प्रोग्राम चालायला विंडोजवर हे फ्रेमवर्क असावं लागतं. २०२२ नं विचारलं, ते इथं नाही, ४.८ वर नेऊ का? त्यानं हो म्हटलं. त्याच्या लॅपटॉपवर सगळं चाललं. संस्थेतल्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोज एक्सपी आहे, आणि ४.० च्या पुढचं फ्रेमवर्क एक्सपीवर बसतच नाही.

२०२२ चा तो प्रश्न रास्तच आहे. ४.० चा सपोर्ट १२ जानेवारी २०१६ लाच संपलाय. पण 'नवीन ते चांगलं' एवढंच शिकून मुलं कॉलेजातून येतात. आपला प्रोग्राम शेवटी कुठल्या टेबलावर चालणार, हे त्यांना कुणी विचारायलाच लावत नाही.

मागच्या महिन्याच्या बॅकअपमधली जुनी एक्झी, म्हणजे प्रोग्रामची तयार फाइल, पेन ड्राइव्हवर घेऊन मी निघाले. दर डेटाबेसमध्ये असतात, म्हणून ती चालणार होती. पोचले तेव्हा सहा वाजत आले होते. सचिव वहीत हातानं लिटर-फॅट लिहीत होते, रांग दारापर्यंत आली होती. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, माझी फॅट नीट लिवली का बघ." तिची नोंद मी स्वतः तपासली. वहीतल्या सगळ्या नोंदी भरून आम्ही उठलो तेव्हा साडेआठ झाले होते.

घरी येऊन व्हिज्युअल स्टुडिओची आधीची आवृत्ती, २०१९, पुन्हा टाकलं. २०२२ शेजारी ते सुखानं नांदतं, आणि त्यात ४.० चा टार्गेटिंग पॅक, म्हणजे ४.० साठी प्रोग्राम बनवायला लागणाऱ्या फाइली, घेता येतो. काट्याचा फॉर्मही उघडला. त्यावर जुना ३२-बिट कंट्रोल, म्हणजे फॉर्मवर बसवलेला तयार भाग, आहे; २०२२ हे ६४-बिट, तिथं फॉर्म मांडायचा डिझायनर त्यावरच अडला होता. रात्री एकला कपातीसकट एक्झी तयार झाली.

२०१९ काढून टाकायला परवानगी मीच दिली होती. मुलाच्या लॅपटॉपवर जागा नव्हती आणि मी विचार न करता हो म्हटलं. ते अजून मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मॅडम, २०१९ किती दिवस ठेवायचं?" त्याचा सपोर्ट १० एप्रिल २०२९ पर्यंत आहे, ते मी सांगितलं. एक्सपीचा तर २०१४ मध्येच संपला, हेही सांगितलं. संस्थेचा नवा कॉम्प्युटर कमिटीच्या मंजुरीसाठी थांबलाय. आता प्रत्येक संस्थेत कुठलं विंडोज आहे, त्याची यादी आम्ही दोघं मिळून करतोय. अर्धी झालीय.