तरवड की तंगेडु

चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये. रविवारी हिप्परग्याच्या माळावर पोरांना औषधी झाडं दाखवत होते, लेक तरवडाला तेलुगूत तंगेडु म्हणाली, आणि मी तिला म्हणाले, "आत्ता तरवडच म्हण, म्हणजे सगळ्यांना कळेल." एवढंच. ओरडले नाही, डोळे मोठे केले नाहीत. हसूनच म्हणाले, आणि तेच जास्त लागतंय, कारण आईनं हसून सांगितलं की पोराला धड रागावताही येत नाही.

ह्या वेळी बारा-तेरा पोरं होती, आयाबाप वेगळे. पाऊस लांबल्यामुळं माळ अजून हिरवा, आणि तरवड तर नुसता पिवळाधमक. मी नेहमीसारखी आधी हात न लावायची झाडं दाखवली. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं, धोत्र्याचं काटेरी बोंड कसं ओळखायचं, गुंजेची लालकाळी बी दिसायला किती गोड आणि चावून गिळली तर किती विषारी. हे झाल्याशिवाय मी पुढं जातच नाही. औषधी झाडं शिकवायची म्हणजे आधी विष शिकवायचं, पोरं कंटाळतात म्हणून कुणी कितीही सांगो, ह्या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही.

मग तरवडापाशी आलो. पाच पाकळ्या मोजायला लावल्या, चपट्या शेंगा दाखवल्या, ह्याच्या सालीनं कातडी कमवायचे ते सांगितलं. एका बाबांनी विचारलं फुलांचा काढा शुगरवर चालतो का, म्हटलं लोक घेतात, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही. हे चालू असताना माझी पोरगी शेजारच्या मुलीला सांगत होती, "हे तंगेडु आहे, माझी नायनम्मा ह्याची बतुकम्मा करते." नायनम्मा म्हणजे तिच्या बाबांची आई, माझ्या सासूबाई, मी त्यांना अत्तम्मा म्हणते. बतुकम्मा म्हणजे त्यांच्या सणातली फुलांची रास. ती मुलगी फिस्सकन हसली. "तंगडं?" झालं, दोन पोरं लगेच एक पाय वर करून तंगडं तंगडं करत लंगडी घालायला लागली. आणि मी ते वाक्य बोलले.

तेव्हा वाटलं तिला वाचवतेय, हसू थांबेल, विषय पुढं जाईल. आणि थांबलंही.

पण पाच मिनिटांनी अक्कलकोट रोडचे ते कन्नड बोलणारे दादा सहज म्हणाले, "मॅडम, आमच्यात ह्याला तंगडी म्हणतेत." परत हशा पिकला. आणि मी काय केलं? "वा, किती छान, लिहून घ्या रे सगळ्यांनी." पोरांनी वहीत लिहिलं, तरवड, खाली तंगडी. एका झाडाला किती नावं असतात आणि आपल्या सोलापुरात ती सगळी कशी एकाच गल्लीत ऐकू येतात, ह्यावर मी दोन मिनिटं बोलले पण. माझी लेक माझ्याकडं बघत होती. तिच्या वहीत फक्त तरवड. मी नंतर चोरून बघितलं.

म्हणजे मोठ्या माणसानं सांगितलं की ज्ञान, आणि माझ्या सात वर्षाच्या पोरीनं सांगितलं की अडथळा. हे मला कुणी दुसऱ्यानं केलेलं दिसलं असतं तर मी त्या माणसाशी आठवडाभर बोलले नसते.

घरी आल्यावर ती नेहमीसारखी अत्तम्मांच्या खोलीत पळाली. मी स्वयंपाकघरात. ऐकू आलं, "नायनम्मा, तरवड चूशा नेनु." तरवड पाहिलं मी. बाकीचं तेलुगू, तो एक शब्द मराठी. अत्तम्मा क्षणभर गप्प, मग म्हणाल्या, "तरवडा? मंची बिड्डा." गुणाची पोर. आणि परत एकदा हळूच, स्वतःशीच, त-र-व-ड. जसा एखादा नवीन शब्द माणूस पाठ करतो तसा. पासष्ट वर्षं ज्या फुलाला तंगेडु म्हटलं त्याला नातीसाठी त्या क्षणात तरवड म्हणायला लागल्या. मी भाजीचा गॅस बंद करून नुसती उभी राहिले.

मला माहितीये मी खूप करते. हे कुणाला दिसत नाही म्हणून इथं लिहितेय. लग्न होऊन आले तेव्हा मला तेलुगूचा त का थ कळत नव्हतं, ह्या घरात ओट्यापाशी उभं राहून शिकले, चुकले, हसण्यावारी गेले. आता आईचा फोन आला की ती म्हणते पोरीचं मराठी कसंतरीच झालंय, हेल काढून बोलते. नणंद म्हणते हिच्या तेलुगूत सगळं मराठीच. शाळेत इंग्लिश. आणि मी एकटी चारी बाजूंनी धरून बसलेली, हे पण राहू दे, ते पण राहू दे. ह्यांना विचारलं तर "होईल गं सगळं" एवढंच. होतं म्हणजे आपोआप होत नाही ना, कुणीतरी करत असतं. असो. त्या विषयावर आज नको.

पण खरं टोचतंय ते वेगळंच. मी माळावर "पारंपरिक ज्ञान" म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यासमोर माझी आजी येते, मोहोळकडची, परड्यात अडुळसा लावणारी. अत्तम्मा येत नाहीत. का येत नाहीत? त्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या. तेंदूचं पान, त्यांच्या भाषेत तुनिकाकु, रात्री ओलं करून ठेवायचं, सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्यानं बांधायची, १००० झाल्या की मजुरीचा हिशोब. पानाला हात लावूनच सांगतात किती सुकलंय, वळताना फाटेल की नाही. पानाची एवढी ओळख असलेलं माणूस मला माळावर दुसरं भेटलेलं नाही. पण ते काम तंबाखूचं, त्यांच्या छातीत अजून खोकला आहे, त्यामुळं मी ते कधी पोरांसमोर काढलंच नाही. त्यांनीही कधी काढलं नाही.

आणि बतुकम्मा तर झाडांचाच सण. भाद्रपदाच्या अमावस्येपासून ९ दिवस, परातीत फुलांचे थर रचत रचत निमुळतं शिखर करायचं, वर हळदीची गौरम्मा, मग बायका गोल फिरून टाळ्या वाजवत गाणी म्हणणार, शेवटी पाण्यात सोडायची. तंगेडु आणि गुनुगु नसेल तर अत्तम्मांच्या लेखी ती बतुकम्माच नाही, झेंडू कितीही आणा. तेलंगणाचं राज्यफूलच आहे तंगेडु. पण हे मला बातम्यांतून कळलं, २०१४ ला नवीन राज्य झाल्यावर, घरात अत्तम्मा त्याच्या कितीतरी आधीपासून ते फूल आणत होत्या. आमच्याकडं त्याच दिवसांत हादगा असायचा, पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, खिरापत ओळखायची. लहानपणी मला वाटायचं असं फक्त आपल्यातच असतं.

गुनुगु म्हणजे काय हे कळायला मला लग्नानंतर दोन वर्षं लागली. अत्तम्मांनी पिशवीतून पांढरी-गुलाबी तुऱ्यांची जुडी काढली आणि मी बघतच राहिले, अहो हा तर कुरडू! आमची आई पावसाळ्यात त्याचीच कोवळी पानं खुडून भाजी करायची, लसूण आणि हिरवी मिरची घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर. अत्तम्मांना म्हटलं आम्ही हा खातो, तर त्या एवढ्या हसल्या, म्हणाल्या देवीच्या आधी तुम्हीच खाता का. पुढच्या पावसाळ्यात मी ती भाजी केली आणि त्यांनी दोनदा मागून घेतली. एकाच झाडाचं पान आईकडचं आणि तुरा सासरचा. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! मग रविवारीच कुठं गेली होती?

बहुतेक गेली नव्हती, मला भीती वाटली. तंगडं म्हणून हसले ना, ते मला माझ्यावर हसल्यासारखं वाटलं, त्या ओट्यापाशीचं हसू. तिच्यावर नाही, माझ्यावर. ती तर हसली नाही की रडली नाही, ती फक्त सांगत होती. एवढं मला आज भाकरी थापताना कळलं आणि कळल्यावर राग जरा खाली बसला, स्वतःवरचा सुद्धा.

काल रात्री तिला विचारलं, रविवारी मी तुला तंगेडु म्हणू दिलं नाही ते आवडलं नाही ना. ती म्हणाली, "तू त्या काकांचं लिहून घेतलंस." बस. सात वर्षाची आहे, सगळं बरोबर धरून बसलीये. मी म्हटलं चुकलं माझं. तर म्हणाली, "मग वहीत मी लिहू का आता?" आणि लिहिलं, तंगेडु, पण डु च्या जागी डू. मी दुरुस्त करायला पेन्सिल उचलली होती. ठेवली खाली.

परत चुकणार मी, ह्याची खात्री आहे. कधी माझ्या तोंडून आईची भाषा पुढं सरकेल, कधी कुणी हसलं की मी आधी विषय बदलेन. ती तीन भाषांची खिचडी बोलणार आणि दोन्हीकडची माणसं नावं ठेवणार, ठेवू देत, खिचडीनंच पोट भरतं आमच्या घरात. मी एकटीनं चारी बाजू धरल्यात असं वाटत होतं, पण एक बाजू तर अत्तम्मांनी केव्हाची धरलीये, न बोलता.

अत्तम्मांना आज विचारलं, येत्या रविवारी माळावर याल का, पोरांना बतुकम्मा कशी रचतात ते दाखवाल का. आधी नाहीच म्हणाल्या. नाकु एमोस्तदि, मला काय येतं. मी काही बोलले नाही. दहा मिनिटांनी स्वतःच आल्या, रविवारी अमावस्या आहे, घरचंच पहिल्या दिवसाचं करायचं असतं, त्यानंतरचा रविवार बघू. आणि शनिवारी फुलं आणायला मी पण येते, तुम्ही नुसत्या कळ्या तोडता.

म्हणजे शनिवारी सकाळी सहाला निघायचं. गुडघ्यामुळं त्यांना स्कूटीवर बसता येत नाही, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या भाऊंना उद्याच सांगून ठेवलं पाहिजे. दोन टोपल्या, ओलं फडकं, आणि लेकीची वही. ती म्हणतेय गुनुगुचं पान पण चिकटवायचंय, एक आजीच्या भाजीचं आणि एक तुरा नायनम्माचा, शेजारी शेजारी.