धडधड न करणारी गाडी

रेल्वे रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या गँगची माणसं भोंग्याला फारशी बिचकत नसत. त्यांचा भरवसा इंजिनाच्या आवाजावर. अल्को जातीचं सोळा सिलिंडरी डिझेल इंजिन वळणापलीकडूनच धडधडायचं. ईएमडी या दुसऱ्या डिझेल जातीचा सूर निराळा, टू-स्ट्रोक असल्यामुळे सलग घुमणारा, पण तोही लांबून कळायचा. त्यामुळे भोंगा वाजला की घमेली-फावडी गोळा करायची आणि धडधड जवळ आली की रुळापासून दूर व्हायचं, ही जुनी सवय.

मार्च २०२२ मध्ये रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग सगळा विजेखाली आला. गाड्या मात्र टप्प्याटप्प्याने बदलत होत्या. त्या पावसाळ्यात एकाच रुळावर डिझेलची आणि विजेची, दोन्ही इंजिनं धावत होती.

रत्नागिरीच्या बाजूला एका कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, आम्ही कडेच्या गटारातला गाळ काढत होतो. वळणावर शिट्टी आणि झेंडी घेऊन लुकआऊटवाला, म्हणजे गाडी येतेय का ते पाहणारा, उभा होता. पाऊस असा, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. तेवढ्यात लांब भोंगा ऐकू आला, दबलेला. मुकादम म्हणाला, "डिझेल हाय, अजून लांब हाय."

आमचा चावीवाला, म्हणजे रुळांच्या चाव्या तपासणारा, तात्या फावडं टाकून उठला. "धडधड कुठं हाय? इजेची हाय ती, वर चढा सगळी!"

पाठोपाठ लुकआऊटवाल्याची शिट्टी आली आणि सगळे चढावर गेले. हत्यारं आधीच रुळांपासून लांब होती. वॅप-७ या विजेच्या इंजिनाची एक्स्प्रेस वळण घेऊन समोर आली तेव्हा कुठे चाकांचा आणि ब्लोअरचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा, आवाज कानांवर पडला.

ताशी ७५ किलोमीटर वेग धरला तर ६०० मीटर अंतर २९ सेकंदांत संपतं. त्यातले निम्मे सेकंद धडधडीची वाट पाहण्यात घालवायचे, हे काही परवडणारं नव्हतं.

जेवणाच्या वेळी तात्याला विचारलं, भोंग्यावरून कळलं का? तो नुसता हसला. भोंग्यावरून इंजिन ओळखतो म्हणणाऱ्यावर माझा अर्धाच विश्वास आहे. डिझेल असो वा विजेचं, दोन्हींवर जाड आणि बारीक अशा दोन सुरांचे भोंगे असतात. दोन्हीकडे दाबलेली हवाच आतल्या पातळ पडद्याला थरथरवते. कर्णा लांब असेल तर सूर जाड, आखूड असेल तर बारीक. शिवाय एकाच वर्गातली दोन इंजिनंही सारखी वाजतीलच असं नाही. वाफेच्या इंजिनाची शिट्टी मात्र कुणीही ओळखावी, कारण तिथे वाफ धातूच्या पातळ कडेवर आपटून आवाज काढते.

तात्याने ओळखलं ते जे ऐकू आलं नाही त्यावरून. आणि भोंगा दबका वाटला म्हणून गाडी लांब आहे, हा मुकादमाचा हिशोबही कटिंगमध्ये फसवा. जाड सूर वळणाआडून पोचतो, बारीक सूर झाडोऱ्यात आणि मातीच्या भिंतींत बराचसा विरतो. उरतो तो अर्धा भोंगा.

दुसऱ्या दिवसापासून लुकआऊटवाल्याला वळणाच्या पुढे नेलं आणि मध्ये शिट्टी पोचवायला आणखी एक माणूस उभा केला. गाळ काढायला एक हात कमी झाला म्हणून मुकादम आठवडाभर कुरकुरत होता.