सोलर एका दिवसात बसला, गच्ची मिळता मिळत नव्हती

ज्यांचं स्वतःचं बैठं घर आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. दुकानात जावं, पाणी तापवायच्या सोलरचे पैसे मोजावेत आणि दोन दिवसांनी कढत पाण्याने आंघोळ करावी. मी लिहितेय ती सोसायटीत राहणाऱ्यांसाठी. आणि खरं सांगायचं तर राग अजून पुरता गेलेला नाही म्हणूनही.

आमची नाशिकमधली तीन मजली इमारत, बारा फ्लॅट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, घरात पाच माणसं. सासूबाईंना संधिवात, त्यामुळे थंडीत त्यांचं हात धुणंसुद्धा गरम पाण्याने. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यायला साडेचार ते पावणेपाच युनिट वीज लागते. हे गणित एकदा वहीत मांडलं आणि सोलरचं नक्की केलं. प्लेटवाला घ्यायचा की ट्यूबवाला, हा प्रश्न फार वेळ चालला नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्याने प्लेटमधल्या तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात. काचेच्या ट्यूबा निदान काढून साफ तरी करता येतात. म्हणून दोनशे लिटरचा, वीस ट्यूबांचा ठरवला. आगाऊ रक्कम मात्र दिली नाही, आणि हे शहाणपण पुढे फार कामाला आलं.

कारण गच्ची सोसायटीची. ना हरकत पत्र हवं. मी साधा अर्ज केला, दोन प्रती काढल्या, एकीवर तारखेसह पोच घेतली. (पोच घ्याच. "असा अर्ज आलाच नाही" हे वाक्य मी पुढे दोनदा ऐकलं.) सेक्रेटरी हसतमुख माणूस. "वहिनी, चांगलीच गोष्ट आहे, बघू आपण." सरळ नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते बघतच राहिले.

विचारायला गेलं की दर वेळी नवं कारण. आधी म्हणे स्लॅबवर वजन येईल. भरलेली टाकी आणि स्टँड मिळून अडीचशे किलोच्या आसपास, आणि शेजारी सोसायटीच्याच पाच पाच हजार लिटरच्या टाक्या, म्हणजे प्रत्येकी पाच टन पाणी. ते वजन कुणाला दिसत नाही. मग म्हणे, आज तुम्हाला दिलं की उद्या बाराही जण मागतील. मागू देत की! मी टेप आणि खडू घेऊन गच्चीवर गेले आणि चौकोन आखले. बाराच्या बारा बसतात, वर कुरडया-पापड वाळवायला पूर्वेची बाजू मोकळी राहते. त्या आकृतीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर अंगठे बरेच आले, उत्तर एकही नाही.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा होती. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, आणि नोटीस चौदा दिवस आधी. नोटीस आली तेव्हा विषयपत्रिकेत पार्किंगच्या रेषा होत्या, वॉचमनचा पगार होता, गणपतीचा हिशेब होता. माझा विषय नव्हता. "आयत्या वेळच्या विषयांत घेऊ ना वहिनी." आयत्या वेळी काय झालं? वॉचमनवर दीड तास गेला, लोक चहाकडे वळले, आणि उरलेल्यांत एका काकांनी सांगितलं, "सरकार ७८ हजार सबसिडी देतंय, घाई कशाला, सगळे मिळून घेऊ." मी जीव तोडून सांगत होते की ते पैसे छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहेत, २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेतले, तेही तीन किलोवॅट आणि वरच्यांना. पाणी तापवायच्या सोलरला त्यातला एक रुपया मिळत नाही. पण सबसिडी हा शब्द निघाला की आपल्याकडे सभा संपते. विषय "पुढील सभेत" गेला. पुढची सभा म्हणजे पुढचा सप्टेंबर!

त्या रात्री मी उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमांची, पुस्तिका काढली. प्रत्येक सभासदाकडे असते, कपाटात सर्वांत खाली. त्यात होतं: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते. बारा फ्लॅटांत म्हणजे तीन सह्या. माझी एक, तळमजल्यावरच्या ताईंची दुसरी. तिसरी केली तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी, ज्यांचा सोलरला सगळ्यात जास्त विरोध होता. विरोधाचं कारण रास्त होतं: त्यांच्या बेडरूमचं छत आधीच एकदा गळलेलं. ते म्हणाले, "सही देतो, पण गच्चीला एक भोक पाडलेलं चालणार नाही." मला बघू म्हणणाऱ्यापेक्षा असा माणूस शंभरदा परवडतो. सोलरवाल्याशी बोलून ठरलं की स्टँड स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवायचा नाही. बीमच्या रेषेवर सिमेंटचे जड ठोकळे ठेवायचे आणि पाय त्यांत पक्के करायचे.

विशेष सभेला गणपूर्ती झाली (दोन तृतीयांश, म्हणजे आमच्याकडे आठ जण, मी घरोघरी जाऊन आणले) आणि विषय एकच असल्याने पळवाट नव्हती. ठरावाचा मसुदा मीच लिहून नेला होता. हे कराच, नाहीतर इतिवृत्तात "सोलरबाबत चर्चा झाली" एवढंच उतरतं. ठरावात लिहून घ्या: कोणती जागा, किती बाय किती, पाइप कुठल्या डक्टमधून उतरणार, स्टँडखाली गळती झाली तर दुरुस्ती कुणाची, वॉटरप्रूफिंगच्या वेळी सोलर काढून परत बसवायचा खर्च कुणाचा. शेवटचे दोन्ही मी माझ्याकडे घेतले आणि तसं हमीपत्र स्टँपपेपरवर दिलं. अण्णांनी हात वर केला. सेक्रेटरींनीही केला, हसतमुखाने. पत्र हातात पडायला त्यानंतरही लेटरहेड संपलंय, शिक्का चेअरमनकडे आहे वगैरे झालंच. तोवर थंडी ओसरायला लागली होती.

बसवायला एक दिवस लागला.

आता आठवतील तशा गोष्टी. कोटेशनमध्ये पाइपिंग बहुतेक वेळा धरलेलं नसतं, फुटावर वेगळं लावतात, आधी विचारा. गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा) पाइपच, साधा पांढरा चालत नाही. सोलरचं तोंड दक्षिणेला, आणि हिवाळ्यात दुपारी जिन्याच्या खोलीची सावली कुठवर येते ते डिसेंबरातच पाहून ठेवा, मे महिन्यात कळत नाही. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर हवा, नाहीतर पाणी आपसूक भरत नाही. हवेचा उभा पाइप त्याहून उंच, गार टाकीच्या काठाच्याही वर. गार पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) आहे ना, हे स्वतः बघा. रात्री भांड्यांना गरम पाणी ओतत बसलं की टाकीत तेवढं गार पाणी शिरतं आणि सकाळी पहिला नंबर असणारा ओरडतो. गिझर काढू नका, जुलै-ऑगस्टमध्ये तोच देव. मे महिन्यात गावाला जाताना ट्यूबांवर जुनी चादर टाकून जा, रिकाम्या घरात पाणी उकळत ठेवण्यात अर्थ नाही.

तळमजल्यावरच्या ताईंना आता सोलर घ्यायचाय. त्यांना मी सांगितलं की गच्चीपासून तुमच्या नळापर्यंत पाऊण इंची पाइपातच चार-पाच लिटर गार पाणी उभं असतं, ते आधी बादलीत काढून झाडांना घालावं लागेल, आणि पाइपावर फोमचं आवरण न विसरता घाला. ठरावाची झेरॉक्स त्यांनी माझ्याकडूनच नेली. सेक्रेटरींकडे मागितली असती तर ते म्हणाले असते, बघू.