मोठ्याला मोठ्यानेच भागत होते

राऊंड केलेल्या मापाच्या वरच्या-खालच्या मर्यादा, म्हणजे खरं माप कुठून कुठपर्यंत असू शकतं ते, काढायला शिकताना मी पहिल्याच पायरीवर अडले. लांबी जवळच्या सेंटिमीटरपर्यंत १२ सेमी, तर खालची मर्यादा ११.५ हे लगेच पटलं. पण वरची १२.५ कशी? १२.५ चे तर १३ होतात! म्हणून मी कधी १२.४ लिहायचे, कधी १२.४९. मग लक्षात आलं, १२.४९ च्या पुढे १२.४९९ आहेच, आणि त्याचेही १२ च होतात. हे नऊ कुठे थांबतच नाहीत. लांबी १२.५ च्या हवी तितकी जवळ जाऊ शकते, पण तिथे पोचत नाही. ११.५ ≤ ल < १२.५ यात दोन चिन्हं वेगळी का, ते तेव्हा उमगलं.

बेरीज आणि गुणाकार बिनबोभाट जमले. भागाकारात मात्र मी बरेच दिवस चुकत राहिले. धावण्याचं अंतर जवळच्या मीटरपर्यंत १०० मीटर, वेळ एका दशांश स्थळापर्यंत १२.४ सेकंद. जास्तीत जास्त वेग हवा, म्हणून मी १००.५ ला १२.४५ ने भागलं: ८.०७. कमीत कमी वेगासाठी ९९.५ भागिले १२.३५: ८.०६. दोन्ही उत्तरं इतकी जवळ की मला आनंदच झाला.

मग सूत्र बाजूला ठेवून धावणाऱ्याचा विचार केला. वेग जास्त कधी? अंतर जास्त आणि वेळ कमी असेल तेव्हा. म्हणजे १००.५ भागिले १२.३५, ८.१४. आणि कमीत कमी ९९.५ भागिले १२.४५, ७.९९. खरा पट्टा माझ्या पट्ट्याच्या जवळजवळ दहापट रुंद निघाला.

वजाबाकीतही तोच उलटा मेळ. ८.४ मधून ८.१ गेले की ०.३, पण दोन्ही मापं एका दशांश स्थळापर्यंत राऊंड केलेली असतील, तर मोठ्यात मोठा फरक ८.४५ − ८.०५ = ०.४ आणि लहानात लहान ८.३५ − ८.१५ = ०.२. मला हे सगळ्यात विलक्षण वाटतं: मापं चांगली बारकाईने घेतलेली, तरी फरक दुप्पट होण्याइतका सैल.

आता भागाकार-वजाबाकी दिसली की आधी चारही मर्यादा कागदावर लिहिते, मग जोड्या लावते. वयाचं उदाहरण असेल तर त्याआधीही थांबते. १७ वर्षं म्हणजे १६.५ ते १७.५ नव्हे, १७ पूर्ण ते अठराव्या वाढदिवसाच्या आधीपर्यंत.