उसवलेला किमोनो, चहाचा रंग

क्योतोच्या तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि त्यात किमोनोंचे ढीग लागलेले असतात. अशाच एका ढिगातून मी मोतिया रंगाचा, चिरिमेन जातीच्या सुरकुतदार रेशमाचा किमोनो घेतला. गळ्याशी पिवळट डाग होता आणि बाह्यांच्या कडा झिजल्या होत्या, त्यामुळे तो नेसण्याजोगा राहिला नव्हता. मला मात्र त्यातून उशांचे अभ्रे आणि दारावर टांगायचा नोरेन, म्हणजे मधोमध चिरलेला आखूड पडदा, करायचा होता.

किमोनो उसवायला बसले की तो शिवणाऱ्या हातांविषयीचा आदर वाढत जातो. सुमारे ३६ ते ३८ सेंटीमीटर पन्ह्याचा आणि १२ मीटरच्या आसपास लांबीचा तागा सरळ रेषेत कापून पाठ, बाह्या आणि गळपट्टी काढलेली असते, आणि जास्तीचे कापड छाटून न टाकता शिवणीच्या आत दुमडून ठेवलेले असते. टाका साधा धावदोऱ्याचा, गोधडी शिवणाऱ्या कोणाही बाईच्या ओळखीचा. पूर्वी उंची किमोनो धुवायचा झाला तर तो पुरता उसवून, तुकडे पुन्हा एकमेकांना जोडून, धुऊन, खळ देऊन, टोकांना सुया असलेल्या बांबूच्या कामट्यांनी ताणून वाळवीत. या पद्धतीला आराईहारी म्हणतात. म्हणूनच जुना किमोनो न उसवता सरळ कात्री लावणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दुमडीतले सगळ्यात चांगले कापड त्यात वाया जाते. माझ्या किमोनोच्या दुमडीत, जिथे कधीच ऊन पोचले नव्हते, तिथे फिकट गुलाबी रंग जसाच्या तसा होता.

लाल अस्तर मी वेगळे धुतले. अशा अस्तराला मोमी म्हणतात आणि ते मुळात करडईच्या फुलांनी रंगवीत. आपल्याकडे करडई म्हटले की तेलाची घाणी आठवते, इथे तिच्या पाकळ्यांतून लाल रंग निघतो.

रंगासाठी मी बांचा हा जाड पानांचा रोजच्या वापरातला चहा घेतला. कापडाच्या वजनाइतकी पाने अर्धा तास उकळून गाळली आणि त्या पाण्यात ओले रेशीम सोडले. कोरडे सोडले तर डाग पडतात. पहिल्या अभ्र्याला ते पडले आणि तो अजून माझ्याकडे आहे. पाणी खळखळ उकळू द्यायचे नाही, कारण त्याने रेशमाची चमक जाते. चहातले टॅनिन रेशमाला सहज धरते आणि बदामी छटा येते. त्यानंतर गंजलेले खिळे व्हिनेगरमध्ये मुरवून केलेल्या पाण्यात बुडवले की तीच छटा पाहता पाहता राखाडी होते. मात्र लोखंड जास्त झाले तर रेशीम कालांतराने कुजते, म्हणून मी चमचाभरच घालते आणि नंतर कापड पुष्कळ पाण्यात खळबळून घेते. चिरिमेन ओले झाले की आखडते, तेव्हा मापे रंगवून वाळवल्यावरच घ्यावीत.

गळ्याचा डाग गेला नाही, पण राखाडीत तो ढगासारखा दिसतो, म्हणून ती पट्टी मी नोरेनच्या वरच्या भागात घेतली. पाठीचे दोन्ही पन्हे कडा न कापता टांगले आहेत, आणि सकाळचे ऊन आले की त्या कडांवर जुन्या टाक्यांच्या भोकांची ओळ दिसते.