फूटरमध्ये लिहिलंय, चालेल ना?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न दर वेळी याच शब्दांत येतो: "लेखात ॲफिलिएट लिंका आहेत, पण फूटरमध्ये तसं लिहून ठेवलंय. चालेल ना?" ॲफिलिएट लिंक म्हणजे जिच्यावरून वाचणाऱ्याने खरेदी केली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं ती, आणि फूटर म्हणजे पानाची तळपट्टी. त्या कमिशनचा खुलासा तिथे? नाही चालणार. एवढं बोलून मी आजवर सुटत आले. कुणी "का?" म्हटलंच, तर नियमाचं नाव तोंडावर फेकायचं. त्याने कुणाचाही फूटर इंचभर वर सरकला नाही, म्हणून आता जरा सविस्तर.

वाचणारा सर्चमधून थेट लेखावर उतरतो. पाच वस्तूंच्या यादीतल्या पहिल्या दोन बघतो, बटण दाबतो आणि जातो. तुम्ही फूटरमध्ये खरं बोललात, पण तो निघून गेल्यावर. 'आमच्याविषयी'चं पान, मेनूतलं 'डिस्क्लेमर' यांचीही तीच गत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये सोप्या भाषेतली पुस्तिकाही आली. खुलासा शिफारशीतच हवा, नजरेतून सुटणं कठीण असावं आणि हॅशटॅगांच्या किंवा लिंकांच्या घोळक्यात मिसळलेला नसावा, असं त्यात आहे.

तेव्हा जागा ठरलेली: शीर्षकाखाली, पहिल्या लिंकच्या आधी, लेखाच्याच अक्षरांत. फिकट राखाडी बारीक टाइप नको. वाक्य असं: "या लेखातल्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत, तर मला कमिशन मिळतं." 'मिळू शकतं' नको, मिळतं तर मिळतं म्हणा. "या लेखात ॲफिलिएट लिंका आहेत" हेही पुरत नाही, कारण ॲफिलिएट म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणारा तिथला सरकारी आयोग, हेच सांगतं. आणि लेख मराठीत असेल तर खुलासाही मराठीत. अमेझॉनसारखा ॲफिलिएट प्रोग्रॅम (कमिशन देणारी योजना) स्वतःचं ठरावीक वाक्य टाकायला लावतो. ते टाका, पण खाली मराठीतही लिहा.

एवढं करूनही गाडी अडते ती थीमपाशी, म्हणजे ब्लॉगच्या तयार मांडणीपाशी. खुलासा साइडबारमध्ये असेल, तर मोबाइलवर साइडबार लेखाच्या तळाशी जाऊन बसतो आणि पुन्हा फूटरच झाला. तो थीमच्या टेम्प्लेटमध्ये टाकला असेल, तर ब्लॉगवर दिसतो, पण फीडमधून (वाचणाऱ्याच्या ॲपमध्ये आपोआप) किंवा ईमेलमधून गेलेल्या लेखात नसतो, कारण तिकडे फक्त लेखाचा मजकूर जातो. म्हणून तो मजकुरातच हवा. वर अनुक्रमणिका असेल, तर वाचणारा तिच्यावर टिचकी मारून खुलाशावरून उडी मारतो आणि थेट तुलनेच्या तक्त्यात पडतो. तक्त्याच्या डोक्यावर एक छोटी ओळ पुन्हा द्या: "खालच्या बटणांवरून खरेदी झाली की मला कमिशन." मग मोबाइलवर, लॉगआउट करून, एकदा स्वतः वाचून बघा. हे कुणी करत नाही.

आणखी एक गैरसमज. गूगलने २०१९ मध्ये लिंकच्या कोडसाठी 'स्पॉन्सर्ड' ही खूण आणली. ती जरूर लावा, पण ती सर्च इंजिनसाठी आहे. वाचणाऱ्याला ती दिसतच नाही. प्लगइनने, म्हणजे ब्लॉगला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरने, ती लावली म्हणजे खुलासा झाला, असं समजणारे रोज भेटतात.

व्हिडिओचं थोडक्यात. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, २०२१ चे निकष: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत जाहिरात असल्याचं लेबल किमान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंतच्यात एकतृतीयांश वेळ, त्याहून लांब असेल तर त्या ब्रँडविषयीचा भाग चालू असेपर्यंत. कॅप्शनमध्ये पहिल्या दोन ओळींत, 'आणखी' दाबायच्या आत.

आता एक गिटारचं प्रकरण. लेगसी लर्निंग सिस्टिम्स नावाची अमेरिकन कंपनी गिटार शिकवणाऱ्या डीव्हीडी विकायची. विक्री बरीचशी ॲफिलिएटांमार्फत. ते लेख लिहायचे, परीक्षणं लिहायचे आणि शेजारीच लिंक. लेखातला माणूस कधी साधा गिऱ्हाईक असल्यासारखा बोलायचा, कधी तटस्थ परीक्षक असल्यासारखा. प्रत्येक विक्रीमागे त्याला घसघशीत कमिशन आहे, हे कुठेही नाही. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार या मार्गाने ५० लाख डॉलरहून जास्त विक्री झाली. मार्च २०११ मध्ये प्रकरण मिटलं ते अडीच लाख डॉलर भरून.

हे मी अनेकांना चुकीचं समजावून सांगितलं आहे. "पैसे कंपनीने भरले, लिहिणाऱ्यांनी नाही, छोट्यांनी घाबरू नये," असं. प्रकरण ज्या आदेशाने मिटलं, त्याचा दुसरा भाग मी नीट वाचलाच नव्हता. सर्वाधिक कमाई करून देणारे ५० ॲफिलिएट आणि त्याखेरीज यादृच्छिक निवडलेले आणखी ५० खुलासा करतात की नाही, यावर कंपनीने लक्ष ठेवायचं आणि दरमहा अहवाल द्यायचा. म्हणजे पहारा कंपनीवर, पण नजर लिहिणाऱ्यांवर. तुमच्या प्रोग्रॅमच्या करारात खुलाशाचं कलम असतं, ते मोडलं तर खातं बंद आणि साठलेलं कमिशन अडकलं, याची मुळं अशा आदेशांत आहेत. दंडाच्या कितीतरी आधी फटका बसतो तो इथे.

शिवाय आपल्याकडे 'छोटे सुटतात' हे कायद्यात लिहिलेलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वर शिफारस करण्यावर एक वर्षापर्यंत बंदी, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत. दाव्यांची आधी पुरेशी खातरजमा केली असेल, तर शिफारस करणारा सुटू शकतो. म्हणून काय तपासलं, कधी तपासलं याची नोंद ठेवा.

"पण मी खरं तेच लिहितो, कमिशन मिळो न मिळो!" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येत नाही. बहुतेक जण खरंच लिहितात. खुलासा हा खोटेपणाचा कबुलीजबाब नव्हे, फक्त पैशाचा धागा दाखवणं आहे. मात्र इथे माझीही बाजू लंगडी पडते. पाच वस्तूंच्या यादीत प्रत्येक ओळ खरी असेल, वर ठसठशीत खुलासाही असेल, पण सहावी, कदाचित सगळ्यांत चांगली वस्तू यादीत नसेल, कारण तिचा ॲफिलिएट प्रोग्रॅमच नाही. मी सुचवलेलं वाक्य ते सांगत नाही. त्यासाठी "कमिशन नसलेल्या वस्तू या यादीत घेतलेल्या नाहीत" अशी ओळ लागेल. ती लिहा, असं मी दोन-तीन जणांना सुचवलं. अजून कुणी लिहिलेली नाही.