पितृपंधरवडा, कासची फुलं आणि मंडळाची सहल

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या पारायण मंडळाची सहल निघायची वर्षातून एकदाच, पण तिच्या बैठका दोन महिने आधीपासून दर गुरुवारी चालायच्या. आरती झाली, खिरापत वाटून झाली की तात्या सतरंजीवर जिल्ह्याचा नकाशा पसरायचे आणि त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून चार बाजूंना टाळ ठेवायचे. खरं सांगायचं तर निम्मी सहल तिथेच होऊन जायची.

तात्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सहलीत त्यांचा एक दंडक होता. देवाला नमस्कार झाला की तिथलं एक झाड ओळखायचं, मगच गाडीत पाय ठेवायचा. लहानथोर सगळ्यांना सारखाच नियम. माझे थोरले काका बँकेत मॅनेजर होते, पण पिंपळ आणि पायर यांच्यात त्यांची दरवर्षी गल्लत व्हायची आणि आम्ही पोरं खिडकीतून त्यांना खुणा करायचो.

एका वर्षी कुणीतरी टूम काढली की समर्थांचे अकराही मारुती एका दमात करून टाकू. तात्यांनी नकाशावर बोट फिरवलं. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन, असे सात साताऱ्याकडे. बहे आणि शिराळा हे दोन आपल्याकडे. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूरच्या हद्दीत. मग चष्मा काढून म्हणाले, "हजेरीपत्रक भरायला चाललोय का आपण?" विषय तिथेच मिटला. त्यांचं मला आजही पटतं. अकरा मारुती एका दिवसात उरकणाऱ्या गाड्या आता पुष्कळ निघतात. त्यात लोक देवळात कमी आणि चपला घालण्या-काढण्यात जास्त असतात.

आम्ही तीनच केले त्या वर्षी, आणि पहिला बह्याचा. कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर रामलिंगाचं देऊळ आणि त्याच्यामागे हा मारुती. दोन्ही हात असे पसरलेले, की नदीचं पाणी अडवून धरलंय. रामराया पूजेला बसले, कृष्णेला पूर आला, तेव्हा मारुतीने प्रवाह थोपवला, ही कथा मंडळातल्या माईंनी तिथेच बसून सांगितली. ती संपते न संपते तोच तात्यांनी पोरांना बेटाच्या टोकाशी नेलं. पाणी बेटाला आपटून दोन्ही अंगांनी कसं फाकतं, गाळ कुठे धरतो, ते वाळक्या काटक्या सोडून दाखवलं. झाड म्हणून करंज आला. याच्या बियांच्या तेलावर पूर्वी दिवे जळायचे, हे तिथेच कळलं. पुढे २००५ आणि २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतून होड्या फिरल्या, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हात जोडून बह्याच्या मारुतीचंच नाव घेतलं होतं.

कऱ्हाडला प्रीतिसंगमावर डबे उघडले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वर भडंग. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, हे नकाशात बघितलेलं प्रत्यक्ष दिसलं. चाफळला पोचेपर्यंत निम्मी पोरं झोपलेली होती, त्यामुळे तिथलं मला फारसं आठवत नाही.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते कासच्या वर्षी. पठार ऐन बहरात असतं सप्टेंबरात. त्या महिन्यात आधी गणपती, ते उठले की पितृपंधरवडा, तो सरला की घट बसणार. गणपतीत सांगलीचा माणूस गाव सोडत नाही आणि नवरात्रात बायकांचे उपास. उरला पंधरवडा. "पक्षात कुठली सहल?" असं म्हणून अर्धं मंडळ उठायला लागलं. मोठ्या काकूंनी मात्र जागचं न हलता विचारलं, "पितरं काय फुलांवर रागावतात होय रे? ज्याच्या घरची तिथ असेल त्यानं राहावं, बाकीच्यांनी निघावं." तिथींची यादी झाली आणि ज्या दिवशी कुणाच्याच घरी श्राद्ध नव्हतं तो वार धरला. प्रासंगिक करारावर एसटी घेतली. गाडी लागणाऱ्यांची नावं पुढच्या बाकांवर, आमसुलं माईंच्या पिशवीत.

कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याच्या आधीची ही गोष्ट. ऑनलाइन नोंदणी वगैरे काही नव्हतं. धुकं इतकं, की पुढच्या माणसाचा रेनकोट तेवढा दिसावा. जांभ्या खडकावर बोटभर माती, तिच्यात पाणी साचलेलं, आणि त्यात निळ्याजांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा. सीतेची आसवं. माईंनी हात जोडले. तात्या उकिडवे बसले आणि म्हणाले, "ही बाई किडे खाते." पोरं हादरलीच. मग त्यांनी समजावलं. या मातीत नत्र फार थोडं, म्हणून झाडाने वेगळी सोय केलेली. चिखलात त्याच्या बारीक पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवी त्याला आत ओढून घेते. शेजारीच दवबिंदू होती. तिच्या पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. माझी धाकटी बहीण रडवेली होऊन म्हणाली, "सीतामाई असं करेल?" माई म्हणाल्या, "वनवासात उपाशी राहायचं का तिनं?" या उत्तरावर तात्यांनासुद्धा पुढे काही बोलता येईना.

संध्याकाळी सज्जनगड. गाडी बरीच वर जात असली तरी पायऱ्या चुकत नाहीत, म्हणून गुडघेवाल्यांची यादी बैठकीतच झाली होती आणि प्रत्येकाला एकेक तरणा हात नेमून दिला होता. समर्थांनी १६८२ साली देह ठेवला तो इथेच. समाधीचं दर्शन घेऊन आम्ही अंगलाई देवीच्या बाजूला गेलो. खाली उरमोडीचं खोरं उघडं पडलं होतं. झाड ओळखायचं राहिलंय हे कुणाच्या लक्षात नव्हतं. काकांनीच एका झाडापुढे उभं राहून "पायर!" असं ठणकावलं. तो पिंपळ होता.

तात्या आता नाहीत. त्यांची सहलीची वही माझ्याकडे आली आहे. यंदा पोरांनी सागरेश्वर सुचवलंय. पायथ्याशी जुन्या देवळांचा समूह आणि वर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं अभयारण्य, म्हणजे आमच्या दंडकाला अगदी सोयीचं ठिकाण. अडचण एवढीच, की सांबरं दिसायची ती दिवस कलताना, आणि मंडळाचा हरिपाठही त्याच वेळेचा. एक गट म्हणतो डोंगरावरच म्हणू, दुसरा म्हणतो टाळ वाजले की सांबर कशाला थांबतंय. टाळांशिवाय हरिपाठ चालेल का, यावर गेले दोन गुरुवार खल सुरू आहे. अभयारण्याचं फाटक किती वाजता बंद होतं ते वनखात्याला विचारून यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.